तिलारीच्या खोऱ्यातले हातभर पानांचे झाड

शुक्रवार

सावंतवाडीहून बांद्यामार्गे दोडामार्गला पोहोचेपर्यंत ऊन चांगलेच चढले होते. एप्रिल संपत आला होता, काजूच्या बागांतून बोंडांचा आंबूस वास रस्त्यापर्यंत येत होता आणि सह्याद्रीच्या कड्यांवर दुपारचे ढग जमू लागले होते. सावंतवाडीत वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मित्राला त्याच्या एका विद्यार्थ्याने तिलारी खोऱ्यातल्या कुळागरातून एक वाळलेले पान आणून दिले होते. ते बेचाळीस सेंटीमीटर लांब आणि तेरा सेंटीमीटर रुंद होते. कड अखंड, पोत चामड्यासारखा, आणि देठ जाड व वरून पन्हळीसारखा खोलगट. एवढ्या मोठ्या साध्या पानाचे झाड त्या भागात कोणते असावे, हे वाळलेल्या पानावरून ठरत नव्हते, म्हणून झाडापाशीच जायचे आम्ही ठरवले. झाड खाजगी जागेत आहे आणि एकटेच आहे, त्यामुळे गावाचे नाव येथे देत नाही.

कुळागर व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने उतरत गेलेले होते. वर नारळ, त्याखाली पोफळी, पोफळींवर चढवलेली मिरी, मधून मधून केळी आणि कडेला कोकम, अशी या भागातली नेहमीची मांडणी होती. सगळ्यात खाली, जिथे पाटाचे पाणी पुन्हा व्हाळाला मिळते, तिथे ते झाड उभे होते. पंधरा-सोळा मीटर उंचीचे, सरळ सोटासारखे खोड, आणि त्यातून ठरावीक अंतरावर चहूबाजूंना आडव्या निघालेल्या फांद्यांचे मजले. फूल नव्हते, फळ नव्हते आणि खाली जुन्या फळाची सालही पडलेली नव्हती.

फुलाफळाशिवाय झाड ओळखायचे असेल तर पानाच्या आकाराकडे सगळ्यात शेवटी पाहावे, असे माझे मत आहे. आकार सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो आणि तोच सगळ्यात जास्त फसवतो. सावलीतली पाने उन्हातल्या पानांहून मोठी असतात, आणि कोवळ्या रोपाची किंवा बुंध्यातून फुटलेल्या धुमाऱ्याची पाने तर कित्येकदा दुप्पट असतात. त्यामुळे वाऱ्याने पडलेली एक ताजी, वरच्या फांदीची डहाळी शोधून आम्ही तिच्यापासून सुरुवात केली. पाने समोरासमोर नसून एकाआड एक होती. एवढ्या एका गोष्टीने सुरंगी, उंडी आणि कोकम यांची सगळी भावकी बाद झाली, कारण त्यांची पाने समोरासमोर असतात आणि त्यांच्या डहाळीतून पांढरा किंवा पिवळा चीक येतो. पानाच्या बगलेत उपपर्ण, म्हणजे देठाच्या तळाशी येणारे छोटे पानासारखे अंग, नव्हते आणि ते गळून गेल्याची वलयासारखी खूणही डहाळीवर नव्हती. त्यामुळे वड-उंबर-फणसाचे कुल आणि सोनचाफ्याचे कुल ही दोन्हीही गेली.

उरलेल्यांत एक नाव असे होते की ते बाद होईपर्यंत डहाळी हाताने मोडायची नाही, असे आम्ही ठरवले होते. कोकणच्या सदाहरित रानात रानबिबा आढळतो. त्याची पाने मोठी, साधी, एकाआड एक आणि डहाळीच्या टोकाशी दाटीने लागलेली असतात, आणि त्याचा चीक हवा लागताच काळा पडतो व अंगावर फोड आणतो. मात्र रानबिब्याच्या देठावर बारीक काट्यासारख्या उंचवट्यांची जोडी असते किंवा ती गळल्याच्या खुणा असतात. भिंगाने पाहता या देठावर तसे काहीच नव्हते, आणि पानेही टोकाशी न दाटता डहाळीच्या दोन बाजूंना दोन ओळींत, एका पातळीत, नीट मांडल्यासारखी लागलेली होती.

दोन ओळींतली एकाआड एक पाने, उपपर्णांचा अभाव आणि चुरगळल्यावर येणारा सौम्य मसालेदार वास, एवढ्या खुणांवर दोन कुले उरतात: सीताफळाचे आणि जायफळाचे. त्यांतला निर्णय झाडानेच करून ठेवलेला होता. खोडावर छातीच्या उंचीला कोयत्याचा एक जुना घाव होता आणि त्यातून ओघळलेला रस गडद तांबडा होऊन सालीवर वाळला होता. नखाने खरवडल्यावर तो ठिसूळ काचेसारखा निघाला आणि ओल्या बोटावर विटकरी रंग उतरला. सीताफळाच्या कुलातली झाडे असा रस देत नाहीत. जायफळाच्या कुलाची ती पक्की खूण आहे, आणि फांद्यांचे आडवे मजलेही त्याच कुलाची साक्ष देत होते. साल कापून पाहण्याची गरज पडली नाही, याचे मला बरे वाटले. ओळखीच्या हौसेपायी झाडांवर घाव घालणारी मंडळी मी पुष्कळ पाहिली आहेत.

बागेचे मालक काका सत्तरीच्या आसपासचे होते. आमचे भिंग आणि मोजपट्टी ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, “ह्यां झाड माझ्या आज्यापासून हयच आसा. आमी रानजायफळ म्हणतंव, पण फळ धरलेलां कोणी बघूक नाय.”

कुल त्यांना आधीपासूनच ठाऊक होते, आणि फळ न धरण्याचे कारणही त्यातच होते. जायफळाच्या कुलातल्या बहुतेक झाडांत नर आणि मादी वेगळे असतात. नराला फुले येतात, पण ती लहान असल्यामुळे लक्षात येत नाहीत आणि फळ कधीच धरत नाही. बागायती जायफळात ही मोठीच अडचण असते, कारण रोप नर की मादी हे फुलेपर्यंत कळत नाही, आणि म्हणूनच आता लोक कलमे लावतात. काकांनीही दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण सुगंधा’ जातीची दोन कलमे पाटाच्या वरच्या अंगाला लावलेली होती. त्यांचे एक पान आणून शेजारी ठेवले तर ते बारा सेंटीमीटरही भरेना. इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरून जगभर गेलेले हे मसाल्याचे जायफळ आमच्या यादीतून असे तिथल्या तिथे कमी झाले.

रात्री भेडशीत मुक्कामाच्या ठिकाणी वहीत तीन नावे उरली. पहिले मिरिस्टिका मलबारिका, ज्याच्या बीभोवतीची पत्री बाजारात रामपत्री म्हणून विकली जाते. दुसरे क्नेमा अ‍ॅटेन्युएटा. तिसरे मिरिस्टिका मॅग्निफिका, जे पाणथळीखेरीज सहसा वाढत नाही. पान तिसऱ्याकडे बोट दाखवत होते, पण झाडाखालची जमीन मात्र तसे म्हणत नव्हती. तिथे पाय घोट्याइतकाही रुतला नव्हता आणि खोड सरळ मातीतून वर आलेले होते.

शनिवार

ज्या झाडाशी तुलना करायची ते जिवंत पाहिल्याखेरीज पुस्तकातल्या मापांना अर्थ येत नाही, म्हणून आजचा दिवस घाटाकडच्या उताराला दिला. तिलारीच्या वरचे रान सदाहरित आणि निमसदाहरित असे मिश्र आहे, आणि त्यातले सुमारे साडेएकोणतीस चौरस किलोमीटर क्षेत्र २०२० पासून संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालेले आहे. आम्ही राखीव क्षेत्राच्या बाहेरच्या वाटेने गेलो. गेली वीसेक वर्षे या खोऱ्यात कर्नाटकातून आलेल्या रानटी हत्तींचा वावर आहे, त्यामुळे सोबतच्या वाटाड्याने निघतानाच सांगून टाकले होते की काहीही सापडले किंवा न सापडले तरी चारच्या आत खाली उतरायचे.

मलबारिका सकाळीच दिसली. उताराच्या मध्यावर, निचरा चांगला असलेल्या जागी, खडकांच्या बेचक्यात ती उभी होती. सालीवर तोच तांबडा रस, फांद्यांची तीच आडवी ठेवण. मात्र पाने पंधरा-सोळा सेंटीमीटरांची होती, त्यांची खालची बाजू राखेचा हात फिरवल्यासारखी निळसर पांढरी होती आणि मधल्या शिरेपासून निघणाऱ्या बाजूच्या शिरा दहा-बारा जोड्यांपलीकडे जात नव्हत्या. कुळागरातल्या पानावर आम्ही वीस जोड्या मोजल्या होत्या. शिरांची संख्या लांबीपेक्षा अधिक भरवशाची असते, कारण सावलीत पान मोठे झाले तरी शिरांच्या जोड्या त्या प्रमाणात वाढत नाहीत. मित्राने मुद्दाम मलबारिकेच्या एका कोवळ्या रोपाचे मोठे पान शोधून काढले. ते पंचवीस सेंटीमीटरांचे होते, पण शिरा तेराच होत्या.

क्नेमा शोधायला अधिक वेळ लागला. ती दिसली तेव्हा तिच्या कोवळ्या डहाळ्यांवरच्या गंजाच्या रंगाच्या लवीने ती लगेच ओळखता आली. पाने अरुंद आणि टोकाकडे निमुळती होती, आणि त्यांतले सर्वांत मोठेही वीताच्या फारसे पुढे जात नव्हते. जागा पुन्हा उताराचीच, पाणी न साठणारी. दुपारी दोनच्या सुमारास मलबारी धनेशांची जोडी डोक्यावरून ओरडत गेली. रानातल्या या जायफळांच्या बिया प्रामुख्याने धनेश आणि मोठी रानकबुतरेच पसरवतात, कारण पत्रीत गुंडाळलेले एवढे मोठे बी गिळायला चोचही तशीच लागते. ही बी वाळली की मरते. धान्यासारखी ती डब्यात भरून पुढच्या वर्षी पेरता येत नाही. ओल्या जमिनीवर पडून तिला लगेच रुजावे लागते. या झाडांचे वितरण असे तुटक का असते याचे अर्धे उत्तर मला या एका गोष्टीत दिसते.

साडेतीनला आम्ही खाली होतो.

रविवार

हेवाळे-बांबर्डे हे गाव दोडामार्ग तालुक्यातच आहे. तिथली जायफळाची पाणथळ देवराई राज्य शासनाने २०२१ मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. क्षेत्र अवघे २.५९ हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरांच्या आतच. अशा पाणथळींची पहिली शास्त्रीय नोंद कृष्णमूर्ती यांनी १९६० मध्ये त्रावणकोरच्या भागातून केली. १९६८ च्या भारतीय वनप्रकारांच्या वर्गीकरणात त्यांना स्वतंत्र स्थान मिळाले. पुढे उत्तर कन्नड जिल्ह्यात कत्तलेकानसारख्या जागा कळल्या आणि गोव्यातही सत्तरीत बांबर येथील निरंकाराची राई नोंदली गेली. महाराष्ट्रातली ही राई त्या साखळीतली सर्वांत उत्तरेकडची ज्ञात कडी आहे.

गावातले एक आजोबा वाट दाखवायला आले. देवाच्या जागेपाशी चपला काढायच्या, आणि राईतली वाळकी काटकीसुद्धा उचलून बाहेर न्यायची नाही, एवढे त्यांनी सांगितले. मी सवयीने वर पाहत चाललो होतो, तेव्हा त्यांनी थांबवून म्हटले, “पानां काय बघतात? आदी पाणी खय जिरता तां बघा.”

पाणी कुठेच जिरत नव्हते. एप्रिलच्या अखेरीस, तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही जिथले बरेचसे व्हाळ कोरडे पडतात अशा जिल्ह्यात, दोन उतारांच्या मधल्या त्या सपाट, अरुंद पट्टीत झऱ्याचे पाणी पसरून संथ वाहत होते आणि खालचा काळा चिखल पायाला थंड लागत होता. पाणथळ तयार होण्यासाठी नेमके हेच लागते. बारमाही झऱ्याच्या उगमाजवळचा भाग, जवळजवळ सपाट दरी, आणि वरच्या उतारावर असे जंगल की जे पावसाचे पाणी धरून ठेवून वर्षभर थोडे थोडे सोडत राहील. वरचे जंगल तुटले की खालची पाणथळ कुऱ्हाड न लागताही मरते.

मग झाडे पाहिली. खोडाच्या खालच्या भागातून, कमरेच्या आणि काही ठिकाणी डोक्याच्या उंचीवरून, मनगटाएवढी मुळे तिरपी निघून चिखलात शिरलेली होती. जुन्या झाडांचा मूळ बुंधा कुजून नाहीसा झालेला होता आणि सगळे झाड या टेकूंवरच उभे होते. त्यांच्या सालीवर बोटाने चाचपता येतील असे खरबरीत ठिपके होते. ती वातरंध्रे. पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून मुळांचा श्वास या वरच्या भागातून चालतो, आणि भुसभुशीत जमिनीत एवढ्या उंच खोडाला आधारही त्यांचाच मिळतो. दक्षिणेकडच्या पाणथळींत याच कुलातले जिम्नॅक्रँथेरा हे झाड वेगळी युक्ती करते. त्याची मुळे चिखलातून गुडघ्यासारखी वर येऊन पुन्हा खाली जातात. इथे सगळीकडे टेकूच होते आणि झाड मॅग्निफिका होते.

खाली पडलेल्या पानांपैकी सात-आठ पाने तिथेच, न उचलता, आम्ही मोजली. ती पस्तीस ते सत्तेचाळीस सेंटीमीटरांची होती. शिरांच्या जोड्या अठरा ते बावीस. देठ जाड, वरून पन्हळीसारखा. पानाची खालची बाजू फिकट होती, पण मलबारिकेची राखी झाक तिच्यावर नव्हती. मित्राने पिशवीतून शुक्रवारचे पान काढून त्यांच्याशेजारी ठेवले, आणि थोड्या वेळाने आपले कोणते हे त्याला देठाला बांधलेल्या चिठ्ठीवरूनच ओळखावे लागले.

तरीही जमिनीचा प्रश्न उरतच होता, आणि तो सोडून देणे मला मान्य नव्हते. मोठे पान आणि पाणथळ यांची जोडी एकाच झाडापुरती नाही. कत्तलेकानच्या पाणथळीतूनच २००० मध्ये बिब्ब्याच्या वंशातली एक नवी जात वर्णिली गेली, आणि तीही मोठ्या पानांची आहे. उलट बाजूने, मलबारिकाही कधी कधी पाणथळीत वाढते. म्हणजे ओल आहे म्हणून मॅग्निफिका, असे म्हणता येत नाही, आणि पान मोठे म्हणून मॅग्निफिका, असेही नाही. पान, रस, शिरा आणि जागा या सगळ्यांची साक्ष एकमेकींशी जुळावी लागते. कुळागरातल्या झाडाच्या बाबतीत चौथी साक्ष फुटत होती. टेकूची मुळे नाहीत, चिखल नाही, शेजारी त्याच जातीचे एकही झाड नाही.

येताना आजोबांना विचारले की खोऱ्यात अशा आणखी जागा होत्या का. त्यांनी हाताने व्हाळाची खालची बाजू दाखवून सांगितले की जिथे जिथे बारमाही पाणी आणि सपाट जमीन होती तिथे तिथे लोकांनी वायंगणी, म्हणजे उन्हाळी, भात केला किंवा पोफळी लावल्या. इतर राज्यांतल्या पाणथळींचेही हेच झाले आहे, आणि त्यात शेतकऱ्याला दोष देण्यासारखे काही मला वाटत नाही. उन्हाळ्यात पाणी असलेली सपाट जमीन कोकणात किती मोलाची असते हे सगळ्यांना माहीत आहे.

सोमवार

सकाळी काकांना पहिला प्रश्न पानाचा न विचारता मातीचा विचारला. झाडाजवळचा बांध कधी घातला? ते म्हणाले की बांध वडिलांच्या वेळचा. त्याआधी तो खालचा तुकडा “कोंडी”चा होता, त्यात गुरे रुतायची. म्हणून वरच्या डोंगराची माती पाट्यांनी आणून भर घातली आणि मग पोफळी लावल्या. त्यानंतर दरवर्षी पावसाळ्याआधी पाट उपसला की गाळ त्याच बाजूला टाकायची पद्धत पडली.

झाडाची व्हाळाकडची बाजू आम्ही शुक्रवारी पाहिलीच होती, पण ती वरून. आता व्हाळात उतरून बांधाच्या पायथ्याशी गेलो. गेल्या पावसात पाण्याने तिथला कोपरा खरवडून नेला होता आणि त्या उघड्या कापात थर स्वच्छ दिसत होते: वर दीडेक मीटर तांबडी, खडेमिश्रित भर, आणि तिच्याखाली एकदम काळा, बारीक वाळूचा, पानांच्या कुजक्या तुकड्यांनी भरलेला थर, ज्यातून अजूनही पाणी पाझरत होते. त्या दोन थरांच्या मधून, झाडाच्या दिशेने तिरपी वर जाणारी चार मुळे बाहेर आली होती. मनगटाएवढी जाड, आणि मातीतून मोकळ्या झालेल्या भागावर तेच खरबरीत ठिपके. मित्राने त्यांतल्या एका मुळावर मोजपट्टी धरली. कोन काढला तर ते खोडाला आजच्या जमिनीच्या पातळीच्या थोडे खालीच मिळत असणार, हे उघड होते. टेकू होते, ते भरीखाली गाडले गेले होते.

फूल पाहिल्याशिवाय नाव पूर्ण निश्चित म्हणायचे नाही, ही शिस्त आम्ही पाळली आणि वहीत “मिरिस्टिका मॅग्निफिका, फूल पाहणे बाकी” असेच लिहिले. पण माझ्यापुरता आता संशय उरलेला नाही. हे एका जुन्या पाणथळीचे शेवटचे झाड असावे आणि बहुधा ते नर असावे.

दुपारी ग्रामपंचायतीत जाऊन झाडाची मोजमापे, पानाची छायाचित्रे आणि बांधाच्या कापाचे रेखाटन जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे दिले. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक पंचायतीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते, आणि खाजगी बागेतल्या एकट्या झाडाची दखल घ्यायला याहून जवळची जागा नाही. सचिवांनी नोंद घेतली, मात्र झाडाचे स्थानिक नाव एकच लिहिता येईल का, असे विचारून घेतले. रानजायफळ लिहिले.

काकांना आमच्या निष्कर्षापेक्षा एका व्यावहारिक गोष्टीची काळजी होती. भर काढून मुळे मोकळी करायची म्हटली तर पावसात व्हाळ बागेत शिरेल आणि पोफळींच्या दोन ओळी जातील. ते खरेच होते, आणि पन्नासेक वर्षे भरीत जगलेल्या झाडाची मुळे एकाएकी उघडी करणे झाडालाही मानवेलच असे नाही. शेवटी एवढेच ठरले की बांध तसाच ठेवायचा, त्याचा खरवडलेला कोपरा दगडांनी सैलसर रचायचा म्हणजे पाणी झिरपत राहील, आणि यंदा मे महिन्यात पाट उपसल्यावर गाळ झाडाच्या बुंध्याशी न टाकता पलीकडच्या काठाला टाकायचा. थंडीत झाडाखाली बारीक फुले पडलेली दिसली तर काकांचा नातू ती कागदात गुंडाळून सावंतवाडीला पाठवणार आहे.